बेडकांचा खटला

दिवाळी सरली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू व्हायच्या, आणि मंडई म्हटली की दंडार आलीच, गावच्या माणसांनी केलेलं सोंगांचं नाटक. सावरबांधच्या दंडारीत राजाचं सोंग दुधराम घ्यायचा. माणूस अंगानं काटकुळा, मान लांब, डोळे मोठाले. कागदी मुकुट बांधून तो मैदानात आला आणि नुसता चहूकडे बघत उभा राहिला, तरी पुढच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्यानं अजून एक शब्दही काढलेला नसायचा. एरवी तो कमी बोलायचा. घरी बायकोनं, गंगानं, दहा गोष्टी सांगाव्या, तेव्हा हा एकदा हुंकार द्यायचा.

जातीनं तो कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्यांतला. त्याच्या पणज्यानं आजूबाजूच्या गावांतली माणसं जमवून सावरबांधचं तळं बांधलं होतं. पार, म्हणजे तळ्याचा मातीचा बांध, त्यानंच घातली, आणि पाणी सोडायचं दगडी दार, ज्याला गावात तुडुम म्हणत, तेही त्यानंच बसवलं. पुढं इंग्रजांची मोजणी झाली, तेव्हा तळं सरकारचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या नावावर चढलं. ते कसं चढलं हे गावात कोणी मोठ्यानं विचारत नसे. दुधरामचे भाऊबंद तळ्याखाली धान पिकवायचे आणि पाणी मालगुजाराकडं मागायचे. मागायची सवय इतकी जुनी झाली होती की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटायचं नाही.

भैय्यालाल पटेल हा त्या वेळचा मालगुजार. गोंदियाच्या बाजारात तेव्हा पांढऱ्या टोप्या दिसू लागल्या होत्या, आणि पुष्कळ मालगुजारांच्या कपाळावर त्यामुळं आठ्या पडायच्या. भैय्यालालच्या नाही. तो गोरा, स्थूल, हसऱ्या तोंडाचा माणूस. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा, दारी आलेल्याला सुपारी दिल्याशिवाय सोडायचा नाही. नाही म्हणायचं असलं तरी खांद्यावर हात ठेवून नाही म्हणायचा.

त्या साली पाऊस लवकर गेला. तळ्यात पाणी होतं, पण पटेलानं पारीखालच्या जमिनीत ऊस लावला होता, आणि तुडुमातून निघालेलं बरंचसं पाणी उसाकडं वळत होतं. शेवटाला असलेल्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना, थेंब मिळेना. सुकरामची शेती अगदी शेवटाला. सुकराम म्हणजे दुधरामचा दंडारीतला जोडीदार. बुटका, रुंद छातीचा, वयानं दुधरामपेक्षा लहान. त्याचं भारी, उशिरा पिकणारं धान निसवायला आलं होतं आणि जमिनीला भेगा पडल्या होत्या. तो दोनदा पटेलाकडं गेला. पटेलानं सुपारी दिली आणि सांगितलं की पाणी तर आपण सोडतोच, पण शेवटाचे लोकच वाटेत नहर फोडून चोरतात, त्याला मी काय करू. म्हणजे ज्याचं धान वाळत होतं तोच चोर ठरला. सुकराम परत आला तो पारीवर बसून राहिला. त्याची बायको शामकला त्याला उठवायला गेली, तरी उठेना.

हे सगळं दुधरामनं नंदलाल मास्तरांना सांगितलं. मास्तर भंडाऱ्याकडचे, एकटे राहणारे, गावातल्या शाळेत बदलून आलेले. तरुणपणी नागपूरला एका शास्त्र्यांकडं त्यांनी संस्कृत नाटकं वाचली होती. त्या विषयावर बोलायला गावात कोणी नव्हतं, म्हणून ते दुधरामशी बोलत. त्यांनी त्याला एका जुन्या प्रहसनाची गोष्ट सांगितली. एका राजाचं तळं आटतं. खरं तर राणीच्या बागेला पाणी पुरवता पुरवता आटतं. पण ते बोलायचं कोणी? प्रधान सांगतो, महाराज, पाणी बेडकांनी प्यालं. मग राजा बेडकांवर खटला भरतो, साक्षीपुरावे होतात, आणि बेडकांना सुळावर चढवायचा हुकूम निघतो.

मास्तरांचा या असल्या नाटकांवर फार भरवसा होता. ते म्हणाले, जुन्या कवींनी असंच केलं. राजाला तोंडावर कोण बोलणार? पण गमतीच्या आडून बोललं की राजा हसतो, आणि हसता हसता त्याला स्वतःचं तोंड दिसतं. दुधरामला ते पटलं. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतंच. होतं ते तोंड.

पुढचे दिवस तो आणि सुकराम खळ्यात तालीम करत राहिले. मास्तरांची गोष्ट दुधरामनं आपल्या बोलीत उतरवली, आणि उतरवताना राजाच्या तोंडी एकेक शब्द असा घातला की गावच्या माणसाला लगेच उमजावा. राजा आलेल्याला सुपारी द्यायचा. खांद्यावर हात ठेवायचा. राणीची बाग काढून दुधरामनं तिथं ऊस लावला. गंगानं हे ऐकलं आणि भाकरी थापता थापता हात थांबवला.

"ऊस कायले घातला त्याच्यात?" ती म्हणाली. "बाग होती तं बागच राहू द्या ना."

दुधरामनं हुंकार दिला आणि ऊस तसाच ठेवला.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. आसपासच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या, दूरच्या चिचगडकडची माणसंही आली होती. भैय्यालाल पटेल पुढं खुर्चीवर, शेजारी त्याचे गोंदियाचे दोन पाहुणे. ढोलकी वाजली आणि दुधराम राजा होऊन आला. सुकराम बेडूक झाला होता. अंगाला हिरवा पाला बांधून तो चार पायांवर उड्या मारत आला आणि राजापुढं डोळे मिटमिटत बसला.

खटला उभा राहिला. राजानं बेडकाला सुपारी दिली, खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं विचारलं की बाबा, तळं तू एकट्यानं प्यालास की घरच्यांनी हातभार लावला. बेडूक म्हणाला, महाराज, माझ्या पोटात बघा, घोटभरसुद्धा मावत नाही. राजा म्हणाला, म्हणजे चोरून कुठं विकलंस तेही सांग. बेडकानं उसाकडं बोट दाखवलं. राजानं त्या बाजूला पाठ फिरवली आणि विचारलं, कुठं? मला तर काही दिसत नाही. बेडूक दुसऱ्या बाजूनं आला, राजा पुन्हा फिरला. असा तो राजा बेडकाभोवती गरगर फिरत राहिला आणि मुकुट एका कानावर आला.

पहिल्यांदा लोक हसले, मग एकदम गप्प झाले. सगळ्यांना कळलं होतं. माना हळूहळू खुर्चीकडं वळल्या. दुधरामनं सोंग सोडलं नाही.

आणि भैय्यालाल पटेल हसला. आधी हळू, मग पोट धरून. पाहुण्यांच्या मांडीवर थापा मारत तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून सगळं मैदान मोकळं झालं, आणि सावरबांधला कोणी ऐकला नव्हता असा हशा उसळला. राजानं बेडकाला सुळाचा हुकूम दिला, तेव्हा पटेल खुर्चीवरून उठला, मैदानात आला आणि त्यानं दुधरामच्या गळ्यात आपला शेला घातला. मग बेडकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राजा चुकला रे बाबा. बेंडकाले पानी पाह्यजे ना? जा, सोड तुडुम. पी भरपेट."

लोकांनी पटेलाचा जयजयकार केला. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर गर्दीतून दुधरामजवळ आले आणि त्याचे हात धरून उभे राहिले. त्या संध्याकाळी दुधराम शेला घेऊन घरी गेला तेव्हा गंगासुद्धा हसली. आयुष्यात आपण एक काम नीट केलं, असं त्याला वाटलं.

सकाळी उजाडल्यावर सुकराम फावडं घेऊन तळ्यावर गेला. चोरून नाही, गावातून चालत गेला. वाटेत भेटेल त्याला सांगत गेला की पटेलानं पाणी दिलं. त्यानं तुडुमाचा गुडदा, म्हणजे बूच, काढला, उसाकडं जाणारी नहर मातीनं बुजवली आणि पाणी शेवटाच्या बांध्यांकडं वळवलं. त्याचे शेजारीही आपापली फावडी घेऊन आले. ऊन वर येईपर्यंत पाणी सुकरामच्या बांधीत पोचलं होतं. शामकला त्यात पाय बुडवून उभी होती.

तेवढ्यात पटेलाचा राखणदार बिसराम चार गडी घेऊन आला. त्यानं विचारलं, कोणाच्या हुकमानं? सुकराम म्हणाला, मालकाच्या. बिसरामला खरंच काही समजेना, म्हणून तो त्याला घेऊन पटेलाकडं गेला. पटेल ओसरीवर दात घाशीत होता. त्यानं ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाला, अरे, ते सोंगातलं होतं. राजाचं सोंग त्यानं घेतलं, बेडकाचं तू घेतलं, मग मी पण घेतलं. सोंगातल्या राजानं तुला सुळावर चढवलं, म्हणून तू मेलास का?

गडी हसले. सुकराम हसला नाही. तो म्हणाला की मालकानं गावादेखत शब्द दिला आहे. पटेलाचं तोंड तेव्हा पहिल्यांदा बदललं. नहर बुजल्यानं उसाचं नुकसान झालं होतं, आणि शेवटाचे सगळे लोक फावडी घेऊन पारीवर आले होते, ही गोष्ट त्याला मुळीच आवडली नव्हती. दुपारी ठाण्यातून शिपाई आले आणि सुकरामला घेऊन गेले. शेजाऱ्यांपैकी कोणी फावडं उचलल्याचं कबूल केलं नाही. तुडुम मोडलं, पाणी चोरलं, असा खटला झाला.

दुधराम मास्तरांकडं धावला. मास्तर खाटेवर बसले होते, तोंड उतरलेलं. तपासाला आलेल्या शिपायानं त्यांना विचारलं होतं की हे नाटक कोणी शिकवलं, आणि मास्तरांनी सांगितलं होतं की जुन्या संस्कृत नाटकात राणीची बाग आहे, ऊस नाही. ऊस दुधरामनं घातला.

"खोटं नाही सांगितलं मी," मास्तर म्हणाले. "माझी नोकरी आहे, दुधराम."

दुधराम उंबऱ्यात उभा राहिला. मग त्यानं एकच विचारलं. "गुरुजी, त्या जुन्या नाटकाइत राजा हासते म्हनता तुमी. हासल्यावर का होते मंग?"

"काही नाही," ते म्हणाले. "नाटक संपतं. राजा कवीला सोन्याचं कडं देतो."

"आन् बेंडूक?"

मास्तर उठले आणि खाटेवरचं अंथरूण सारखं करू लागले.

खटला तहसिलीच्या गावी चालला. दुधराम सुकरामच्या बाजूनं साक्ष द्यायला गेला. गंगा जाऊ नका म्हणाली नाही, तिनं शिदोरी बांधून दिली. कचेरीत खूप माणसं होती. काही कामाची, बरीचशी बिनकामाची, कारण बेडकांच्या खटल्याची बातमी आधीच तिथं पोचली होती. पटेलाच्या गोंदियाच्या पाहुण्यांनी ती तिखटमीठ लावून सगळीकडं पसरवली होती.

दुधरामला पिंजऱ्यात उभं केलं. घरून निघताना त्यानं ठरवलं होतं की अंग आवळून उभं राहायचं, तोंड हलवायचं नाही, सरळ सांगायचं. त्यानं तसंच केलं. तो म्हणाला, मंडईत, सगळ्या गावादेखत पटेलांनी सुकरामला पाणी सोडायला सांगितलं.

खटला चालवणाऱ्या साहेबानं विचारलं, सुकरामला सांगितलं की बेडकाला?

मागं कोणीतरी खुदकन हसलं. दुधराम म्हणाला, सुकराम तेव्हा बेडूक होता. आता सगळेच हसले. साहेबानं विचारलं, त्या वेळी तू कोण होतास? दुधरामनं खरं तेच सांगितलं, की मी राजा होतो. शिरस्तेदारानं लेखणी खाली ठेवली. साहेब म्हणाला, मग पाणी सोडायचा हुकूम तू द्यायला हवा होतास, तू तर सुळाचा दिलास. शिपायानं तोंडावर पालथा हात धरला. भैय्यालाल पटेल रुमालानं डोळे पुसत होता.

दुधराम गांगरला. त्याची लांब मान पुढं आली, डोळे मोठे झाले, आणि तो काही न बोलता चहूकडे बघत उभा राहिला. मंडईत उभा राहायचा तसाच, अगदी तसाच. कचेरीत हशाचा कल्लोळ झाला. त्यानं ओरडून सांगितलं, "साहेब, मी सोंग नाई करून राहिलो. त्याचं धान मरून राहिलं." त्यालाही लोक हसले. त्याच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दाला हसायची त्यांना आता गोडी लागली होती. फक्त सुकराम हसत नव्हता. तो आरोपीच्या जागी हात जोडून उभा होता आणि दुधरामकडं बघत होता. दुधराम हे मुद्दाम करतोय की काय, अशी शंका सुकरामच्या नजरेत आली आणि गेली. दुधरामनं ती पाहिली.

सुकरामला सजा झाली आणि त्याला भंडाऱ्याला नेलं. त्याचं भारी धान उभ्यानं वाळलं, शामकलानं ते कापून जनावरांना घातलं. दुधरामनं शेला गंगाजवळ दिला आणि पटेलाकडं पोचवायला सांगितला. पटेलानं तो परत घेतला नाही. म्हणाला, कलावंताचा मान आहे, राहू दे. गंगानं तो परत आणून गोठ्यात खुंटीला टांगला.

पुढच्या वर्षी मंडई जवळ आली तसा पटेलानं निरोप धाडला. बेडकांचा खटला पुन्हा व्हायला पाहिजे, या वेळी मोठे अधिकारी बघायला येणार आहेत. त्याचा आता त्या भागात बोलबाला झाला होता की असा दिलदार मालगुजार विरळा, स्वतःची थट्टा स्वतः बसून बघतो. दुधरामनं सांगितलं की मी सोंग सोडलं. बिसराम निरोप घेऊन तीनदा आला, दुधरामनं तीनदा तेच सांगितलं. मग पटेलानं दुसरी मंडळी जमवली. राजा परगावाहून आणला.

बेडूक मात्र सुकरामच झाला.

तो उन्हाळ्यात सुटून आला होता. दुधराम त्याला भेटायला गेला, तेव्हा तो दारातच बसून बोलला, आत ये म्हणाला नाही. तुरुंगाविषयी काही सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर त्याच्या बांधीत पाणी भरलेलं दिसू लागलं. शेवटाच्या सगळ्या बांध्यांत फक्त त्याच्या एकट्याच्या. गावानं ते पाहिलं, समजायचं ते समजलं. दुधरामनं त्याला पारीवर गाठलं आणि विचारलं की हे काऊन करून राहिला तू.

"तुह्याजवळ वरच्या बांध्या हायेत," सुकराम म्हणाला. "तुले पानी न मागता भेटते. मले बेंडूक होऊन भेटते. होतो."

दुधराम पारीवरून खाली उतरला आणि घराकडं चालू लागला.

मंडईला जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण ढोलकी वाजू लागली तशी त्याला घरात बसवेना. तो गर्दीच्या अगदी मागं जाऊन उभा राहिला. पुढं खुर्च्यांची रांग होती, मध्यभागी पटेल. नव्या खेळात उसाचा उल्लेख नव्हता, पुन्हा राणीची बाग आली होती. खटल्यात बेडूक खरंच चोर निघत होता. त्याच्या पाल्याखालून राजाचे शिपाई पाण्याची गाडगी एकामागून एक बाहेर काढत, आणि दर गाडग्याला त्याच्या पाठीत एक काठी बसे. काठी फाटक्या बांबूची होती, आवाज मोठा व्हायचा, लागायचं कमी. सुकराम दर काठीला उंच उडायचा, हवेतच पाय झाडायचा आणि खाली येऊन हात जोडून पुढच्या काठीसाठी पाठ करायचा.

तो फार चांगलं काम करत होता. दुधरामला हे मनातून मानावं लागलं. आपल्याबरोबर असताना याला इतकं कधी जमलं नव्हतं. मैदान लोळत होतं. अधिकारी हसत होते, शेवटाच्या बांध्यांचे लोक हसत होते, मास्तर खुर्च्यांच्या मागं उभे राहून हसत होते. शेवटचं गाडगं निघालं, तेव्हा शिपाई मारायचाच विसरला. बेडकानं थोडी वाट पाहिली, मान वळवली आणि अत्यंत अदबीनं स्वतःच काठी उचलून त्याच्या हातात दिली.

दुधरामच्या तोंडून हसू फुटलं. त्यानं ते आवरायला ओठ दाताखाली धरले, पण ते पोटातून आलं होतं, थांबलं नाही. मोठ्यानं, सगळ्यांबरोबर तो हसला.

बाजूला बायकांच्या घोळक्यात शामकला उभी होती. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, कशानंच नाही. मग पदर सारखा करून ती पुन्हा समोर, आपल्या नवऱ्याकडं बघू लागली.